फक्कीने काढलेलं घर

माझी थोरली जाऊ सातवी शिकलेली आहे आणि मी पुण्यात पाच वर्षं काढून आर्किटेक्ट झालेली. घोडेगावात लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या घरात जे काही चांगलं म्हणून आहे ते हिच्या नावावर आहे. भाकरी तिची चांगली. सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावायला हात तिचाच हवा. गल्लीत दोन बायकांचं वाजलं की मिटवायला बोलावणं तिला. मी त्याचं फारसं मनावर घेत नसे. माझ्याकडे माझं शिक्षण होतं. एसटी स्टँडजवळ एका खोलीचं ऑफिस होतं, दारावर माझ्या नावाची पाटी होती, आणि त्या पाटीच्या आत तिचा काही संबंध नव्हता.

ऑफिसात येणारं काम एकाच साच्याचं. खाली गाडी लावायला जागा, वर दोन बेडरूम, रस्त्याकडे बाल्कनी. माणसं घर मनात बांधूनच यायची. मी ते कागदावर उतरवून परवानगीसाठी द्यायचं, एवढंच. म्हणून गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी विचारलं, “मॅडम, आमच्या सहावी-सातवीच्या पोरांना शनिवारी घरं, रस्ते, गावाची रचना असलं काही शिकवाल का?” तेव्हा मी विचार न करता हो म्हटलं. घरी येऊन कपाटाच्या तळातून कॉलेजच्या वह्या काढल्या. त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना तीन-तीनदा सांगितलं असेल.

पहिले तीन शनिवार मी जीव तोडून शिकवलं. प्रोजेक्टरवर जगातल्या शहरांचे फोटो दाखवले, थर्माकोलचं घर करून नेलं. प्लॅन म्हणजे काय ते सांगताना म्हटलं, “समजा आपण घर कमरेएवढ्या उंचीवर आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून बघितलं, तर काय दिसेल?” मुलं मान डोलवायची. मग कागद घेऊन समोरून दिसणारं घर काढायची. दोन खिडक्या, मधे दार, मागे दोन डोंगर आणि डोंगरांच्या मधून वर येणारा सूर्य. चाळीसच्या चाळीस कागदांवर सूर्य. काचेच्या इमारतींचा फोटो बघून एकाने विचारलं, “मॅडम, ह्यात गुरं कुठं बांधत्यात?” वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा फोटो लावला.

चौथ्या शनिवारी मी मुलांना शाळेपासून बाजारापर्यंतचा रस्ता मोजायला न्यायचं ठरवलं. हेडमास्तर म्हणाले, “बाहेर नेताय तर सोबत आणखी एक बाईमाणूस पाहिजे.” घरात त्या दिवशी मोकळी होती ती जाऊच. मी म्हटलं, “ताई, येता का? नुसतं मुलांवर लक्ष ठेवायचं.” ती पदर खोचून निघाली.

मी टेप धरून रस्त्याची रुंदी लिहून घेत होते. ती मागे मुलांबरोबर चालत होती. वळणावर आल्यावर तिने सहज विचारलं, “हितं एसटी आली की तुमी कुठं सरकता रं?”

“त्या दुकानाच्या पायरीवर,” तीन-चार जण म्हणाले.

“आन् पायरीवर गिऱ्हाईक असलं तर?”

मग जी चर्चा सुरू झाली ती थांबेचना. कुणी म्हणालं गटारावर फरशी टाकली तर तिथे उभं राहता येईल, कुणी म्हणालं पायऱ्या आत घ्यायला लावा, एकीने सांगितलं की तिची आजी या वळणाला घाबरून बाजाराला लांबून जाते. माझ्या टेपचं दुसरं टोक धरणारं कुणी उरलं नाही. “चला, चला, वेळ होतोय,” मी म्हणत राहिले. आज कळतं, मी महिनाभर ज्याला गावाची रचना म्हणत होते ते तिथे वळणावर चाललं होतं. तेव्हा मला फक्त माझी मापं अर्धी राहिल्याचा राग आला.

शाळेत परत आल्यावर मुलं तिच्याभोवती बसली. मला ‘मॅडम’ आणि तिला पहिल्या तासाभरात ‘काकू’. पहिल्या बाकावर बसणारी, दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने विचारलं, “काकू, तुमचं माहेर कुठलं?”

“पाण्यात,” ती म्हणाली.

हे मला माहीत होतं. धरण झालं तेव्हा तिचं गाव पाण्याखाली गेलं. ती चौथीत होती. मग मामाकडे, मग दुसऱ्या मामाकडे, असं करत सातवीला शाळा सुटली. घरात या विषयावर कुणी बोलत नसे, तीही नाही. पण त्या मुलीने विचारलं, “मग तुमचं घर कसं व्हतं?” आणि जावेने इकडे-तिकडे बघितलं. व्हरांड्यात कबड्डीच्या रेघा मारायची पांढरी फक्की पाटीत भरून ठेवलेली होती. तिने पाटी उचलली.

मूठमूठ फक्की सोडत ती पटांगणावर चालत गेली. थांबायची, डोळे मिटायची, दोन पावलं मागे यायची. “ही पुढची भित. दगडाची, लई जाड, म्हणून दोन रेघा. हितं दार.” रेघ तुटली. “हा ओटा. हा गोठा, घराच्या आतच, ह्या बाजूला. आमच्याकडचा पाऊस हिकडून झोडपायचा, तवा गोठा त्या अंगाला. भित भिजली तरी गुरांच्या उबंनं आतली बाजू कोरडी ऱ्हायची. ही चूल. ही मोरी. हितं वर माळा, शिडी हितं.”

दहा मिनिटांत पटांगणावर घर झालं. मुलं आत शिरायला धावली तशी ती ओरडली, “ए, भितीतून नका जाऊ! दारातून या. वाका, दार बुटकं हाय.” आणि चाळीस मुलं, कसलंही दार नसताना, एकामागून एक वाकून आत गेली. कुणी गोठ्यात जाऊन हंबरलं. कुणी चुलीशी बसलं. दोन वेण्यांची मुलगी मधे उभी राहून भोवती बघत होती, आणि मग तिने मोठ्याने म्हटलं, “मॅडम, हे वरून बघितलं तर प्लॅनच हाय की!”

मी हसले. टाळीसुद्धा वाजवली. पण आत काहीतरी चरचरलं, गरम तव्यावर पाणी पडल्यासारखं. ही माझी एकच जागा होती. भाकरी तिची, तेल तिचं, गल्ली तिची, आता हेही? घरी येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, “लई मज्जा आली गं.” मी वाऱ्याचं निमित्त करून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तिला तरी माहेर होतं, मला दाखवायला काय होतं? वडील सरकारी नोकरीत, दर तीन वर्षांनी बदली. सात क्वार्टर्स, सातही सारखी, पिवळा डिस्टेंपर आणि भिंतीवर लाल अक्षरांत नंबर. मला डोळे मिटून कुठलं घर काढता आलं असतं? हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या दिवशी मला तिच्या बुडालेल्या घराचाही हेवा वाटला.

पुढच्या शनिवारी मी तिला म्हटलं, “आज वर्ग नाही, ताई. शाळेत चाचणी आहे.” आणि एकटी गेले. मुलांनी फाटकातच विचारलं, “काकू कुठंयत?” माझ्या तोंडून निघून गेलं, “त्यांना बरं नाही.”

एकदा बोललेलं खोटं पुढच्या शनिवारी जड जात नाही. तीन शनिवार मी घरी चाचणी, सराव, स्नेहसंमेलन अशी कारणं दिली आणि शाळेत तिला आजारी ठेवलं. वर्ग पुन्हा पहिल्यासारखा शांत झाला. मी फळ्यावर काढायचे, मुलं उतरवून घ्यायची. तिसऱ्या शनिवारी सुटताना दोन वेण्यांच्या मुलीने रबर लावलेली कागदांची गुंडाळी माझ्या हातात दिली. “काकूंसाठी हाय. आमी सगळ्यांनी काढलंय. नक्की द्या बरं का, मॅडम.”

मी ती उघडलीही नाही. स्कूटरच्या डिकीत, रेनकोटच्या खाली ठेवून दिली.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा जाऊ स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“मी आजारी व्हते व्हय गं?”

मी दारातच थांबले.

“बाजारात ती वेण्यांची पोरगी भेटली. पाया पडली माझ्या. म्हणती, काकू, आता बरं हाय का? इंजेक्शन दुखलं का? मला काय बोलावं कळंना. मी आपलं म्हटलं, आता बरं हाय.” तिने मेथीची एक जुडी संपवली, दुसरी घेतली. “तुला नको व्हते तर तोंडानं सांगायचंस. ‘ताई, येऊ नका.’ मी काय रडले असते? आजारी कशाला पाडलंस मला? आन् ते बी तीन हप्ते.”

मी आत येऊन पर्स ओट्यावर ठेवली.

“पोरांनी चित्रं दिल्यात म्हणं. कुठं हायेत?”

मी खाली गेले, डिकी उघडली, गुंडाळी घेऊन आले. तिने हात धुऊन, पदराला पुसून रबर काढलं आणि एकेक कागद फरशीवर पसरला.

डोंगर नव्हते, सूर्य नव्हता. चाळीस घरं, सगळी वरून बघितलेली. भिंतींना दोन रेघा. दारांच्या जागी रेघ तुटलेली. मोरी, चूल, गॅस, टीव्ही, गोठा. एका घरात आजोबांची खाट इतकी मोठी होती की तिने अर्धी खोली खाल्ली होती. एकाचं घर म्हणजे एकच खोली, पण त्यात कोण कुठे झोपतं ते नावानिशी. आणि प्रत्येक कागदावर कुठेतरी एक छोटा गोल, त्याशेजारी लिहिलेलं: काकू, तुम्ही आलात की इथे बसायचं.

मी महिनाभर घसा फोडून जे मागत होते ते त्यांनी न मागता काढलं होतं, तिच्यासाठी, आणि ते तीन दिवस माझ्या रेनकोटखाली पडून होतं. लाज वाटली का? वाटली. पण खरं लिहायचं तर लाजेच्या आधी दुसरंच वाटलं. चाळीस घरांत हिची बसायची जागा ठरली होती. माझी एकातही नव्हती.

त्यानंतर आठवडाभर आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं. ‘गॅस बंद कर’, ‘पाणी आलंय’. ती सासूबाईंना काही बोलली नाही, आणि तिचं हे न बोलणंही मला टोचत राहिलं. मी असते तर बोलले असते.

एप्रिलअखेर परीक्षा संपल्यावर हेडमास्तरांचा फोन आला, तोही जावेला. या वर्षी धरणाचं पाणी लई खाली गेलंय, जुन्या गावाची जोती उघडी पडलीत. मुलांना घेऊन जाऊ या का? पालकांच्या सह्या झाल्यात, दोन जीपा सांगितल्यात. तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. “तू येणार ना?” मी हो म्हटलं.

सकाळी लवकर पोचलो. पाणी दूर मागे सरकलेलं होतं आणि मधे भेगा पडलेल्या चिखलाचं मोठं मैदान. त्यावर दगडांच्या ओळी: घरांची जोती, म्हणजे भिंती गेल्यावर मागे राहणारा खालचा बांध. खरंच कुणी कमरेवर कापून वरचा भाग उचलून नेला असावा असं अख्खं गाव. मला क्षणभर सगळ्याचा विसर पडला. गल्ली कुठे अरुंद होत गेली, चार घरांमधे मोकळी जागा कशी सोडली, पाण्याच्या वाटेत कुणीच बांधलं नाही, सगळं पायाखाली वाचता येत होतं. मी दाखवत सुटले आणि मुलं ऐकत होती, मनापासून, बहुतेक पहिल्यांदाच.

तेवढ्यात जाऊ एका जोत्यापाशी थांबली. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. “हेच,” ती म्हणाली.

मुलं तिच्याकडे पळाली. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

मी तिथे गेले, पर्समधून टेप काढला आणि मोजायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. ओटा बरोबर होता. गोठा जवळपास बरोबर. स्वयंपाकघर मोजलं आणि माझ्या अंगातून आनंदाची एक लहर गेली. पटांगणावर तिने ते अकरा फुटांचं काढलं होतं. मी त्याच दिवशी पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवलं होतं. इथे ते सात फुटांचं होतं.

“ताई, चुकलात तुम्ही,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “तुम्ही अकरा फूट काढलं होतं. सातच आहे.”

एका मुलाने माझ्या टेपकडे बघितलं, मग तिच्याकडे.

ती उंबऱ्याच्या दगडावर बसली. “असंल,” ती म्हणाली. “टेप कशाला खोटं बोलंल.” मग माझ्याकडे नव्हे, त्या आतल्या जागेकडे बघत, “आई हितं चुलीपशी बसायची. आमी चौघं भावंडं तिच्या भवती. आण्णा त्या कोपऱ्यात पाट घेऊन. कुणाचा कुणाला धक्का लागल्याचं ध्यानात न्हाई. म्हणून मला वाटलं, मोठं असंल.”

दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “बघायचं का मावत्यात का?”

तिने स्वतःच माणसं निवडली. एकीला चुलीच्या जागी बसवलं, चौघांना तिच्याभोवती, एका उंच मुलाला कोपऱ्यात मांडी घालून. आधी गुडघे एकमेकांना लागत होते. मग त्यांनी जरा तिरकं बसून बघितलं, एकाने पाय दुमडले, एकजण चुलीच्या बाजूला सरकला. मावले. ताटंसुद्धा मावतील एवढी जागा उरली. कोपऱ्यातल्या मुलाने हवेतली भाकरी मोडली आणि सगळी हसली. जाऊ हसली नाही. ती त्या मुलांकडे बघत राहिली आणि नंतर तोंडावरून पदर फिरवला.

मी टेप हातात धरून भिंतीच्या जागी उभी होते. कॉलेजात आम्हाला माणसांच्या मापांचं पुस्तक होतं, बसलेल्या माणसाला किती जागा लागते त्याच्या आकृत्या होत्या. मी त्यांवर परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. सात फुटांच्या स्वयंपाकघराचा प्लॅन माझ्याकडे आला असता तर मी तो नापसंत केला असता.

परतीच्या जीपमधे मुलं झोपली. आम्ही दोघी पुढे, ड्रायव्हरशेजारी दाटीने बसलो होतो. घोडेगाव जवळ आल्यावर मी हळूच म्हटलं, “ताई, मी तुमच्यावर जळते.”

“ठाव हाय,” ती म्हणाली. “आत्यांना बी ठाव हाय.” आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. “पोरांना ठाव नसलं म्हंजी झालं.”

ड्रायव्हर मान वळवून बघायला लागला म्हणून आम्ही पुढे बोललो नाही. पण घरी पोचल्यावर मी तिची माफी मागितली, आजारी पाडल्याबद्दल आणि सगळ्यांसमोर टेप लावल्याबद्दल. आजारपणाचं तिने सोडून दिलं. टेपचं मात्र म्हणाली, “ते चांगलं केलंस. मला माझं घर कळलं.” मी ते त्यासाठी केलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

जूनपासून वर्ग आम्ही दोघी घेतो. मुलांनी वळणावरच्या गटाराला फरशी आणि दोन बाक सुचवणारा मोठा प्लॅन काढून ग्रामसभेत लावला. फरशी आली, बाक अजून यायचे आहेत. रेघा, मापं, प्रमाण हे माझ्याकडे. माणसं कुठे बसतात-उठतात हे तिच्याकडे. असं आम्ही ठरवलेलं नाही, होत गेलं.

मागच्या महिन्यात लेण्याद्रीच्या वाटेवरच्या एका शाळेतून बोलावणं आलं. पत्रात लिहिलं होतं, ‘फक्कीचं घर काढणाऱ्या काकूंना पाठवावे.’ माझा उल्लेख नव्हता. तिला स्कूटर येत नाही, म्हणून मीच घेऊन गेले. तिथल्या बाईंनी तिला खुर्ची दिली, नारळ दिला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही यांच्या मदतनीस का?”

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, “न्हाई ओ. ती आर्किटेक्ट हाय. सगळं तिनं सुरू केलंय. मी आपली सोबत.”

बाई ओशाळल्या, दुसरी खुर्ची आणायला धावल्या. मी तिच्या जागी असते तर हे इतक्या पटकन बोलले नसते, हे मला आत पक्कं माहीत होतं. समोर साठ मुलं बसली होती, डोंगरातल्या कोरलेल्या लेण्यांकडे पाठ करून. मी खुर्चीवर पर्स ठेवली आणि त्यांना तोंडं डोंगराकडे वळवून बसायला सांगितलं; ताईंच्या फक्कीआधी डोंगरात कोरलेली घरं मला दाखवायची होती.